धावायला भरतीचेच निमित्त का लागावे?

वलगाव (जि. अमरावती) : अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास वऱ्हाडातील एक नेहमीचे दृश्य पाहायला मिळते. रस्त्याच्या कडेने, अंधारातच, तरुणांचे घोळके धावत असतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अनवाणी असतो; सोबतचा एक जण मोबाइलवर वेळ मोजत उभा असतो. पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की हे घोळके वाढतात आणि भरती आटोपली, की विरळ होत जातात. पेढी नदीच्या काठचे वलगाव असो, दर्यापूर असो की अकोल्याकडचे मूर्तिजापूर, चित्रात फारसा फरक नाही. धावणाऱ्यांत अठराच्या पुढची मुले असतात, अलीकडे काही मुलीही असतात. तेरा-चौदा वर्षांचे मूल मात्र त्यांत क्वचितच दिसते.

सहावी-सातवीपर्यंत गल्लीत आणि खळ्यात दिवसभर हुंदडणारे हे मूल आठवीत गेले, की घरात येते. मग एकदम अठराव्या वर्षी, नोकरीच्या निमित्ताने, ते पुन्हा धावायला बाहेर पडते. मधली चार-पाच वर्षे रिकामी जातात. नेमकी हीच वर्षे हाडे भरण्याची, हृदय व फुफ्फुसांची क्षमता वाढण्याची आणि अंगात सवयी मुरण्याची असतात. किशोरवयीन मुलांनी अंग हलवावे यासाठी आई-वडिलांनी काय करावे, हा प्रश्न म्हणूनच या रिकाम्या वर्षांचा प्रश्न आहे. वलगाव अमरावतीपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. खेड्यातील मोकळीक कमी होत चाललेली आणि शहरातील सोयी अद्याप न पोहोचलेल्या, अशा गावांत तो अधिक बिकट होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. प्रत्यक्षात काय घडते? याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले-मुली या किमान पातळीपर्यंत पोहोचत नव्हती. भारतातील प्रमाण जगाच्या तुलनेत थोडे बरे, तरीही ते तीन-चतुर्थांशांच्या आसपास होते. भारत आणि बांगलादेशाची स्थिती त्यातल्या त्यात बरी का, याचे संशोधकांनी सुचविलेले स्पष्टीकरण मोठे बोलके आहे. मुलांच्या बाबतीत गल्लोगल्ली खेळले जाणारे क्रिकेट, तर मुलींच्या बाबतीत घरकाम!

म्हणजे आपल्या मुलींची हालचाल मोजली जाते ती झाडणे, पाणी भरणे आणि भांडी घासणे यांतून. वऱ्हाडात त्याला शेतीच्या हंगामाचीही जोड आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीन सोंगणी आणि पुढे कापसाची वेचणी सुरू झाली, की अनेक घरांतील किशोरवयीन मुले सुटीच्या दिवशी वावरात असतात. हे श्रम कमी लेखण्याचे कारण नाही. पण दिवसभर वाकून कापूस वेचल्याने कंबर दुखते, दम वाढत नाही; आणि हंगाम सरला की तेही थांबते. शिवाय जे काम नाइलाजाने करावे लागते, त्यातून व्यायामाची गोडी लागत नाही. ‘पोरं वावरात राबतात, त्यांना आणखी कसला व्यायाम?’ हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा ठरतो. त्यातही ज्यांच्या मुलांनी वर्षानुवर्षे वावर पाहिलेले नाही, असे पालकच हा युक्तिवाद अधिक जोराने करतात, ही गंमत वेगळी.

या भूमीला व्यायामाचा वारसा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली. याच मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. अंगमेहनतीची प्रतिष्ठा शिकविणाऱ्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलानजीक देह ठेवला. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे. अलीकडचे उदाहरण द्यायचे, तर सातारा जिल्ह्यातील सरडे गावच्या मजूर कुटुंबातील प्रवीण जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून अमरावतीत येऊन तिरंदाजी शिकला आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये देशाकडून उतरला. परक्या जिल्ह्यातील मुलगा अमरावतीत येऊन ऑलिम्पिकपर्यंत जातो आणि दहा किलोमीटरवरच्या गावातील मूल आठवीनंतर मैदानावर दिसत नाही, यात दोष वारशाचा नाही, तो घरातील वेळापत्रकाचा आहे.

हे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. शाळा, शाळेआधी किंवा शाळेनंतर शिकवणी, अमरावतीला जाण्या-येण्यात जाणारा तास-दीड तास, घरी आल्यावर गृहपाठ आणि उरलेल्या वेळात मोबाइल. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती दिलेला मोबाइल शाळा उघडल्यावर परत घेतला गेला नाही. दोष मात्र केवळ मोबाइलला दिला जातो. मैदानावर जाण्याची वाट आधी बंद झाली आणि मग मुले पडद्याकडे वळली, हा क्रम सोयीस्करपणे विसरला जातो. ‘कायले जातं ग्राउंडवर? दहावी हाय ना बाप्पा तुही!’ हे वाक्य वऱ्हाडातील कुठल्याही घरात ऐकू येईल आणि ते दहावीच्या दोन वर्षे आधीच सुरू होते.

खेळाने अभ्यास बुडतो, ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. कॅनडातील क्विबेक प्रांतात त्रुआ-रिव्हिएर येथे १९७० च्या दशकात प्राथमिक शाळेतील मुलांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण देण्यात आले. त्यासाठी इतर विषयांचा वेळ कापला गेला. तरीही त्या मुलांची अभ्यासातील प्रगती इतर मुलांच्या मागे पडली नाही. ती मुले लहान होती आणि देश दुसरा होता, हे खरे. पण त्यानंतर मोठ्या मुलांवर झालेल्या अनेक अभ्यासांतूनही खेळाच्या तासामुळे गुण घसरतात, असे दिसलेले नाही. सलग तीन तास पुस्तकापुढे बसविलेले मूल तीन तास वाचतेच असे नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते; फक्त मान्य करणे जड जाते.

आता मुख्य मुद्दा. पालक मुलांना खेळू देत नाहीत, असेही सरसकट म्हणता येत नाही. ते देतात, पण त्याला कारण लागते. क्रीडा स्पर्धांतील कामगिरीसाठी दहावी-बारावीत २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळू शकतात. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना २००५ पासून ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असून त्यात पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. हे हिशेब पालकांना पाठ असतात. शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा नसलेल्या भागात नोकरीचा विचार आधी येणार, याबद्दल त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण या हिशेबाचा परिणाम असा होतो, की ज्याची निवड होते तो खेळतो आणि बाकीचे बघत राहतात. कबड्डीच्या शालेय संघात बारा मुले मावतात. वर्गातील उरलेल्यांना त्या दिवसापासून मैदान बंद होते आणि त्यांच्या पालकांनाही ‘आपल्या पोराच्या अंगात खेळ नाही’ असे वाटू लागते. व्यायामाची खरी गरज मात्र त्यांनाच अधिक असते.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. वर्षानुवर्षे बसून राहिलेले शरीर दोन महिन्यांत भरतीसाठी तयार करण्याचा आटापिटा होतो. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या धाव चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. उकाडा, लांब अंतर, व्यवस्थेतील त्रुटी अशी अनेक कारणे तेव्हा चर्चिली गेली आणि सगळा दोष उमेदवारांच्या तयारीवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. मात्र तेराव्या वर्षापासून रोज थोडे थोडे धावलेल्या मुलाला अठराव्या वर्षी असा जुगार खेळावा लागत नाही, हेही तितकेच खरे. नोकरीचाच विचार करायचा म्हटले, तरी आठवीपासूनची सुरुवात फायद्याची आहे. या मुद्द्यावर तरी पालकांनी कान द्यावा.

मग घरात नेमके काय बदलावे? ‘जा, खेळ’ असे सांगून चौदा वर्षांचे मूल उठत नाही. या वयात आज्ञा जितकी कडक, तितका विरोध मोठा. देशोदेशीच्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे. पालकांच्या उपदेशापेक्षा त्यांची प्रत्यक्ष मदत अधिक उपयोगी पडते. मैदानापर्यंत सोडणे, बूट घेऊन देणे, सामना पाहायला उभे राहणे, कधी स्वतः सोबत चालणे, असे हे साधे प्रकार आहेत. सायंकाळी पानठेल्यावर मोबाइल चाळत बसणाऱ्या वडिलांनी मुलाला मोबाइल सोडून मैदानावर जाण्यास सांगितले, तर मूल काय समजायचे ते समजते. वडिलांनी धावावे असे नव्हे. पण जेवणानंतर नदीच्या पुलापर्यंत मुलासोबत एक फेरी मारायला व्यायामशाळा लागत नाही. त्या फेरीत शाळेच्या गोष्टीही निघतात, ज्या एरवी विचारूनही कळत नाहीत.

ऑलिम्पिक पदकविजेते खाशाबा जाधव यांचे पहिले गुरू त्यांचे वडीलच होते. साताऱ्याची तिरंदाज अदिती स्वामी २०२३ मध्ये, बर्लिनमध्येच, वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिला सराव करता यावा म्हणून शिक्षक असलेल्या वडिलांनी कुटुंबासह गावातून साताऱ्याला मुक्काम हलविला होता. अशी उदाहरणे प्रेरक असतात, त्याचबरोबर थोडी घातकही. ती वाचून एखादा बाप मुलाला पहाटे चारला उठवून शिट्टी फुंकू लागतो आणि महिन्याभरात मुलाला मैदानाचाच वीट येतो. शंभरातील नव्व्याण्णव मुले पदक जिंकणार नाहीत. त्यांनी जिंकायचेही नाही. त्यांना दिवसातला एक तास घाम गाळायचा आहे आणि चाळिशीत मधुमेहाच्या गोळ्या सुरू होण्याची वेळ लांबवायची आहे.

मधुमेहाचा उल्लेख उगाच नाही. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ या काळातील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे १० टक्के मुले-मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळले. त्याच सर्वेक्षणात या वयोगटातील २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश, तर ५ टक्के वाजवीपेक्षा लठ्ठ होती. म्हणजे ‘आमचा पोरगा तर काडी आहे, त्याला व्यायाम कशाला’ हे म्हणणेही टिकत नाही. काडीसारख्या अंगातही साखर वाढू शकते.

याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा प्रत्येक आईने लक्षात ठेवावा असा आहे. किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ४० टक्के होते. दोन जिने चढल्यावर धाप लागणारी, खेळाच्या तासाला सावलीत बसून राहणारी मुलगी आळशी असेलच असे नाही. तिच्या रक्तात लोह कमी असू शकते. अशा मुलीला धावण्याचा आग्रह धरण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती घेते की दप्तरातून परत आणते, हे पाहावे. त्या गोळीने मळमळते म्हणून अनेक मुली ती टाळतात. जेवणानंतर घेतली, तर हा त्रास कमी होतो. रक्त सुधारले, की मुलगी आपोआप उठून चालू लागते, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

मुलींच्या वाटेतील अडथळे तेवढ्यावर संपत नाहीत. पाळी सुरू झाली, की आपल्याकडे मुलीचे मैदान बहुधा सुटते. कपडे कोणते घालायचे, येणारे-जाणारे काय म्हणतील, सायंकाळी रस्त्यावर उजेड आहे का, हे प्रश्न आईच्या मनात असतात आणि ते खोटे नाहीत. रस्त्यावर शेरे मारणाऱ्या टवाळांना आवरण्याऐवजी मुलीलाच घरात बसविणे सोपे पडते, म्हणून तो मार्ग निवडला जातो. एकट्या मुलीला पाठविण्याची भीती वाटत असेल, तर आळीतील चार-पाच मुलींनी मिळून जावे आणि आयांपैकी एकीने पाळीपाळीने सोबत राहावे. त्यात आईच्याही गुडघ्यांचे भले आहे. पाळीच्या दिवसांत खेळू नये, याला वैद्यकीय आधार नाही. त्रास असेल तर विश्रांती घ्यावी, नसेल तर खेळावे. भाऊ मैदानावर असताना बहिणीकडे स्वयंपाकाची तयारी सोपविली जाते. ती दोघांत वाटून दिली, तर मुलीच्या हाती एक तास सहज लागतो. हा बदल करायला शासन निर्णयाची गरज नाही.

शाळेच्या मैदानाचे मात्र तसे नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेला क्रीडांगण असणे आवश्यक ठरविले. अनेक गावांत ते आहेही. पण शाळा सुटली, की फाटकाला कुलूप लागते. याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. सायंकाळी दोन तास फाटक उघडे ठेवा, खेळाचा तास गणिताला देऊ नका, अशी मागणी या पालकांनी लावून धरली, तर मुख्याध्यापकांना ती टाळणे कठीण जाईल. ग्रामसभेतही रस्ता आणि नाली यांच्या जोडीला मैदानावरचा दिवा, हा विषय निघू शकतो. तो निघत नाही, कारण तो मागणारे तेरा वर्षांचे असतात आणि त्यांना मत नसते.

ऋतूंचा विचारही करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच बाहेर पडणे शहाणपणाचे. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान पायाला धरून ठेवते. त्या तीन महिन्यांत घरच्या ओट्यावर दोरीच्या उड्या, जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार एवढे पुरेसे आहे. हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम म्हणजे तो हाच. त्यासाठी महागड्या यंत्रांची आवश्यकता नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुले हल्ली मोबाइलवरची पिळदार शरीरे पाहून जिमकडे आणि डब्यातल्या पावडरीकडे वळतात. जिमला सरसकट विरोध नको, पण तिथे शिकविणारा कोण आहे आणि डब्यात काय आहे, हे वडिलांनी स्वतः जाऊन पाहावे.

आणखी एक स्वस्त साधन घराघरांत धूळ खात आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. इतर अनेक घरांतही एखादी सायकल असतेच. आठवी-नववीच्या मुलाला मात्र मोटारसायकलची किल्ली मिळते आणि बापाला त्याचे कौतुक वाटते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळा दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर सायकलने जाऊन येण्यातच रोजच्या ६० मिनिटांपैकी निम्मी मिनिटे भरतात. टायरमध्ये हवा भरून ब्रेक दुरुस्त करायला गावातल्या सायकल दुकानात फार पैसे पडत नाहीत. उरलेल्या अर्ध्या तासासाठी आट्यापाट्या, खो-खो, लंगडी, कबड्डी, जे चार मुले जमवून खेळता येईल ते. कोणता खेळ खेळायचा, हे मुलांनाच ठरवू द्यावे. वडिलांना क्रिकेट आवडते म्हणून मुलाने क्रिकेटच खेळले पाहिजे, असा काही नियम नाही. आणि नववीतल्या मुलीला खेळापेक्षा लेझीम किंवा नाच आवडत असेल, तर घाम त्यातही येतोच.